वेल्सच्या कुरणात, अम्मीसोबत

रजेच्या अर्जात कारण लिहायची वेळ आली तेव्हा आमची पंचाईत झाली. ‘परदेशातील संगीत महोत्सवास जाणे’ असे लिहिले असते तर मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला असता. ऑगस्ट महिना, चाचणी परीक्षा तोंडावर, आणि मराठीच्या बाईंना बारा दिवस हवेत! शेवटी ‘आईस मुलाच्या भेटीस नेणे’ असे लिहिले आणि बिनपगारी रजा घेतली. कारण खोटे नव्हते. पूर्ण खरेही नव्हते, कारण अम्मीच्या कापडी पिशवीत एक कागद होता.

आमचा धाकटा भाऊ २००९ साली मिरजेहून निघाला तो परत राहायला आला नाही. अब्बू रेल्वेत कारकून. दर उरुसाला मीरासाहेबांच्या दर्ग्यात रात्रभर गाणे ऐकत बसणारा माणूस. पण मुलाने गाण्याबजावण्याच्या धंद्यावर पोट भरावे, हे त्यांना पटले नाही. ‘ऐकणं वेगळं, त्यावर घर चालवणं वेगळं’ एवढेच त्यांचे म्हणणे. गाण्याबाबत आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत, त्या वादात आम्ही इथे शिरत नाही. भाऊ गायकही नव्हता. तो साउंडवाला. स्पीकर, वायरी, मिक्सर. आधी पुणे, मग मुंबई, मग शिकायला म्हणून कार्डिफ, आणि तिथेच काम. २०२१च्या मे महिन्यात अब्बू गेले तेव्हा कोरोनामुळे येणे-जाणे जवळपास बंद होते. दफन त्याने फोनवर पाहिले.

घराची मागची भिंत २०१९च्या पुरापासून खचली होती. विकायचे ठरले, त्यासाठी त्याचे मुखत्यारपत्र हवे होते. दोन वर्षे आम्ही फोनवर मागत होतो, तो विषय बदलत होता. एके दिवशी म्हणाला, “सही करतो आपा, पण एका अटीवर. तू आणि अम्मी या. तीन दिवस माझं काम बघा. मग कागद काढा.” पास तो देणार होता, तिकिटे आमची. व्हिसाची फी त्या वेळी माणशी १०० पौंड होती. घराचे पैसे आल्यावर भरून निघेल, असा हिशेब आम्ही मनात केला. लिहायला लाज वाटते, पण केला.

महालक्ष्मी एक्स्प्रेसने मुंबई, तिथून विमानाने लंडन, तिथून बसने पश्चिमेकडे. सेव्हर्न नदीच्या रुंद मुखावरचा मोठा पूल ओलांडला की इंग्लंड संपते आणि वेल्स सुरू होते. पाट्या लगेच दोन भाषांच्या होतात. अम्मी खिडकीशी होती. रस्त्यावर पांढऱ्या ठळक अक्षरांत ‘स्लो’ आणि त्याच्याजवळ वेल्श शब्द. अक्षरांवरून आम्ही तो ‘अराफ’ असा वाचला. शेजारच्या वेल्श बाईंनी सुधारले. त्यांच्या भाषेत ‘एफ’चा उच्चार ‘व’ होतो, म्हणून तो शब्द ‘आरव’. आता आमच्या वर्गात दोन आरव आहेत, आणि संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलबला! साउंडवाल्याला भेटायला चाललो होतो आणि रस्ता सांगत होता, आरव, हळू.

२०२१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५ लाख ३८ हजार भरले, म्हणजे शंभरात अठराही नाहीत. तरी दुकानाच्या दारापासून संडासापर्यंत पाटी दोन्ही भाषांत. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि मराठी, कचेरीत इंग्रजी अशा चार भाषांत वाढलेल्या आम्हा लोकांना याचे अप्रूप नाही. पण एवढ्या थोड्या लोकांची भाषा एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेली पाहून बरे वाटले.

अ‍ॅबरगॅव्हेनी हे रेल्वेचे गाव, तिथून दहा किलोमीटरवर क्रिकहॉवेल. आम्ही तिथे खोली घेतली होती, कारण अम्मीचे गुडघे तंबूत बसणारे नव्हेत. गाव चिमुकले. अस्क नदीवर जुना दगडी पूल आहे, त्याच्या एका बाजूने कमानी मोजल्या तर बारा, दुसऱ्या बाजूने तेरा. अम्मीने दोन्हीकडून मोजल्या. “बांधणारा भांडखोर असणार,” म्हणाली.

गावाबाहेर ग्लॅनअस्क नावाची जुनी जहागीर आहे. तिच्या कुरणात ‘ग्रीन मॅन’ महोत्सव भरतो. २००३ साली हा सुरू झाला तेव्हा काही शे लोकांचा, एका दिवसाचा होता. जागा वेगळी होती. २००६पासून इथे. आता चार दिवस आणि सुमारे पंचवीस हजार माणसे. अलीकडे तर कोण गाणार हे जाहीर होण्याआधीच तिकिटे संपतात. म्हणजे लोक नाव पाहून येत नाहीत, जागेवर विश्वास ठेवून येतात. आपल्याकडचा उरूस असाच नाही का?

‘इंडी’ म्हणजे काय, हे भावाने आम्हाला बसमधून उतरल्या उतरल्या विचारले. आम्ही म्हटले, इंडियन. तो हसून लोळायचाच बाकी राहिला. इंडिपेंडंटचे ते लाडके रूप. १९७७ साली मँचेस्टरच्या बझकॉक्स नावाच्या पोरांनी कुठल्याही मोठ्या कंपनीच्या दारात न जाता, घरच्यांकडून-मित्रांकडून सुमारे ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची छोटी तबकडी काढली. हजार प्रती. त्या संपल्या, आणखी काढाव्या लागल्या. मग गावोगावच्या पोरांना कळले की तबकडी आपली आपल्यालाही काढता येते. १९८०मध्ये अशा तबकड्यांची खपाची वेगळी यादी सुरू झाली. आता ‘इंडी’ म्हणजे एक गाण्याची ढबही झाली आहे, पण मूळ गोष्ट पैशाची आणि मालकीची. “म्हणजे दिवाळी अंक स्वतः काढणारे कवी,” आम्ही म्हटले. “तसंच,” तो म्हणाला, “फक्त कवींच्या प्रती संपत नाहीत.”

मोठा मंच एका उतरत्या हिरव्या खोलगटीच्या तळाशी, मागे सरळ डोंगर. लोक पायऱ्या-पायऱ्यांच्या गवतावर ताडपत्री आणि घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. तान्ह्या मुलांच्या कानांवर मोठी रंगीत झाकणे, थोडी मोठी मुले दिव्यांच्या माळा लावलेल्या हातगाड्यांत झोपलेली. एका बाजूला मुलांना विज्ञानाचे प्रयोग दाखवणारी बाग. तिथे आम्ही शिक्षकी सवयीने दोन तास घालवले. दारू सर्रास होती, नाही असे कसे म्हणावे? पण धक्काबुक्की, अचकट-विचकट बोलणे आमच्या वाट्याला आले नाही. बुरख्यातल्या अम्मीला वाट करून देणारे बरेच भेटले. खाण्याचे म्हणाल तर शाकाहारी पदार्थ भरपूर. वेल्श केक नावाची तव्यावरची गोड चानकी तेवढी विचारून घ्यावी, कारण काही ठिकाणी लोण्याऐवजी डुकराची चरबी घालतात. आणि ‘चाय वाला’ नावाचा एक तंबू आहे! चहा ठीक. अम्मीने आले कमी असल्याचे कळवले.

भावाचे काम एका लहान मंचावर होते. शुक्रवारी सकाळी रिकाम्या तंबूत तो टाळ्या वाजवत फिरत होता. अम्मी घाबरली. मग त्याने समजावले: रिकाम्या तंबूत आवाज घुमतो, माणसे भरली की त्यांचे कपडे आणि अंगे आवाज पितात. म्हणून सकाळी लावलेले यंत्र दुपारी पुन्हा लावावे लागते. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. शंभर मीटर मागे बसलेल्याला गाणाऱ्याचे ओठ आधी दिसतात आणि शब्द पाव सेकंदाहून जास्त उशिरा पोचतो. मैदानात मध्ये वेगळे स्पीकर लावायचे तर त्यांना मुद्दाम तेवढेच थांबवून ठेवायचे, नाहीतर एकच शब्द दोनदा ऐकू येतो. एक गट उतरून दुसरा चढेपर्यंत अर्धा तास. तेवढ्यात तीसेक वायरी काढायच्या, तीसेक लावायच्या. सगळे नीट झाले तर तिथे कुणी होते हे लोकांना कळतही नाही.

“हे तू कुठं शिकलास?” आम्ही विचारले. “कॉलेजात यंत्र शिकलो. कान सितारमेकर गल्लीत.” लहानपणी शाळा सुटली की तो तंबोरे करणाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसे. पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे, तूनच्या लाकडाचा वास, आणि तासन्‌तास चाललेले जवारी काढणे: घोडीचा माथा जरा घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे. २०२४मध्ये मिरजेच्या सितार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले ती बातमी आम्ही त्याला पाठवली, तेव्हा त्याने फक्त एक भोपळ्याचे चित्र परत पाठवले.

त्या शुक्रवारी संध्याकाळी वादळाची सूचना आली. आयर्लंडच्या हवामान खात्याने त्याचे नाव ठेवले होते बेटी. “बेटी?” अम्मी म्हणाली, “मग माहेरी येतीये, येऊ दे.” बेटी आली ती आडव्या पावसासह. मगरिबची नमाज आम्ही साडेआठनंतर एका तंबूच्या आडोशाला पढलो, सज्दा जवळपास चिखलात. रात्री परतायला गाडी मिळेना. मग भावाच्या व्हॅनमध्ये, स्पीकरच्या खोक्यांमधल्या गादीवर अम्मी आडवी झाली, आम्ही तिच्या पायाशी, तो पुढच्या सीटवर. पत्र्यावर पाऊस. मिरजेच्या स्वयंपाकघराचा पत्रा असाच वाजायचा.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग पुढून आवाज आला, “अम्मी, अब्बू शेवटी माझ्याबद्दल काही बोलले?”

आमच्या पोटात गोळा आला. चार शब्द रचून सांगावेत असे वाटले. अम्मी म्हणाली, “नाही रे. तोंडावर मास्क होता. कुणाबद्दलच बोलले नाहीत.”

पाऊस चालूच. थोड्या वेळाने तीच पुढे बोलली. उरुसात अब्बू नेहमी चिंचेखाली एका कडेला बसायचे आणि शेजारी रुमाल पसरून ठेवायचे. कुणी बसायला आले की म्हणायचे, माणूस येतोय. रात्र संपली की रुमाल झटकून खिशात.

तो रुमाल आम्हीही पाहिला होता, दरवर्षी. तो आमच्या यांच्यासाठी असतो असे आम्ही धरून चाललो होतो. हे कधी दहाच्या आधी दुकान बंद करून आले नाहीत, म्हणून रागही धरला होता. पुढच्या सीटवर हालचाल नव्हती. झोपला असेल असे समजून आम्हीही डोळे मिटले. पहाटे फजरला उठलो तेव्हा तो स्टीअरिंगवर हात ठेवून तसाच बसला होता.

शनिवारी चिखल घोट्यापर्यंत. भावाच्या मित्राने अम्मीला गमबूट आणून दिले, एक नंबर मोठे. ती त्यात वर्तमानपत्र कोंबून दिवसभर फिरली, आणि चाय वाल्यांना आले किसून कधी टाकायचे हेही सांगून आली.

रविवारी रात्री मोठ्या मंचावर शेवटचा कार्यक्रम स्वीडनच्या दोन बहिणींचा होता. गटाचे नाव ‘फर्स्ट एड किट’, म्हणजे आपली शाळेतली प्रथमोपचार पेटी. शब्द फारसे कळले नाहीत. पण दोघींचे आवाज एकमेकींना चिकटून असे चालत होते की कोणता कुणाचा हे सांगता येईना. अम्मी खुर्चीत हनुवटीखाली हात घेऊन बसली होती.

मग मैदानात उभ्या असलेल्या पानाफांद्यांच्या हिरव्या पुरुषाला आग लावतात. तीन दिवस लोक त्याच्यावर चिठ्ठ्या बांधतात, प्रत्येकीवर एक इच्छा. एका गोड मुलीने अम्मीलाही कागद-पेन्सिल दिली. अम्मीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि कागद परत केला. “दुआ मागायची असती, बांधायची नसती,” आम्हाला म्हणाली. आम्ही दोघी लांब जाऊन उभ्या राहिलो. ज्वाळा उंच गेल्या, फटाके उडाले, आणि डोंगराचा काळा कडा क्षणभर दिसून गेला. हजारो लोकांच्या चिठ्ठ्या जळत होत्या. कुणाकुणाचे काय काय असेल त्यात, असे मनात आलेच.

सोमवारी मैदान ओळखू येईना. तंबू खाली, गवत तुडवलेले. भाऊ वायरी गुंडाळत होता: एक वेढा सरळ, एक उलटा, म्हणजे पीळ पडत नाही. अम्मी खोक्यावर बसून तसेच गुंडाळू लागली. लोकरीची सवय, दोन वायरींत हात बसला.

“काढ कागद, आपा,” तो म्हणाला. “मंगळवारी लंडनला जाऊन सही करू.”

अम्मीची पिशवी व्हॅनच्या गळक्या दाराशी होती. कागद निघाला तो लगद्यासारखा. शाई पसरून तिघांची नावे एकमेकांत गेलेली. आम्ही तो बॉनेटवर पसरला. वाळल्यावरही काही वाचता येण्यासारखे नव्हते.

“नवा मिरजेहून करून पाठवावा लागेल का?” त्याने विचारले.

अम्मीने आमच्याकडे पाहिले. साध्या कागदावर नव्याने लिहून वकिलातीत सही केली तरी चालते, हे वकिलाने आम्हाला निघतानाच सांगितले होते. आम्ही वायर गुंडाळत राहिलो.

“मग मीच येतो,” तो म्हणाला. “उरुसाला येतो. तेव्हाच करू काय ते.”

अम्मी म्हणाली, “ही वायर कुठं ठेवायची ते सांग आधी.”