हाताला ठाऊक असलेली जागा

गेल्या माघात माझ्या सासूबाई घरातल्या घरात पडल्या आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. वय ८४, एका डोळ्यात मोतीबिंदू; त्यामुळे भेटीला येणारा प्रत्येक जण वयालाच बोल लावून जाई, आणि मी निमूटपणे चहाचे आधण ठेवी. ज्या टोपल्यांमुळे त्या पडल्या त्या मी आणल्या होत्या, हे मला कळत होते. त्यांनाही कळत होते. पण चारचौघांत त्यांनी ते कधी बोलून दाखवले नाही.

आम्ही डाळजला राहतो. पुणे-सोलापूर रस्त्यालगतचे, उजनीच्या फुगवट्याकाठचे हे गाव. मी १९८८ साली या घरात सून म्हणून आले, आणि पुढची सारी वर्षे शाळेच्या नोकरीत गेली. घराकडे सवडीने पाहण्याची संधी मिळाली ती निवृत्तीनंतर. तेव्हा जे दिसले त्याने मी अस्वस्थ झाले. कोनाड्यात तेलाची बाटली, तिच्याशेजारी गोळ्यांच्या पट्ट्या, त्यांवर सुतळीचा गुंडा. फडताळात हळदीच्या डब्याला टेकून मलमाची नळी. खुंटीवर तीन पिशव्या, आणि तिसरीत काय आहे हे सासूबाईंखेरीज कुणालाच ठाऊक नाही. आयुष्यभर मुलांच्या वह्यांना समास आखायला लावणाऱ्या बाईला हे कसे सोसावे?

भिगवणच्या बाजारातून मी प्लास्टिकच्या चौदा टोपल्या आणल्या. झाकणाच्या, एकावर एक बसणाऱ्या, साऱ्या एकाच निळ्या रंगाच्या. ६० रुपयांना एक, म्हणजे ८४० रुपयांत सगळे घर लागले. सासूबाई त्या दिवशी नणंदेकडे गेल्या होत्या. त्या परत येईपर्यंत कोनाडे रिकामे झाले होते, आणि माजघरातून स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात भिंतीशी टोपल्यांची चळत उभी होती. मला फार समाधान वाटले. उतरंड मोडून गेली तरी उतरंडीची शिस्त परत आली, असेही मनात येऊन गेले. त्या काही बोलल्या नाहीत. घरभर एकदा फिरल्या आणि कॉटवर जाऊन बसल्या.

चार दिवसांनी रात्री वीज गेलेली असताना त्यांच्या पोटरीत गोळा आला. तेलाची बाटली घ्यायला त्या उठल्या. कोनाडा रिकामा. मग नेहमीप्रमाणे भिंतीला हात लावून त्या बोळातून निघाल्या. पण आता भिंतीच्या जागी चळत होती. वरच्या टोपलीवर हात टेकताच ती सरकली आणि पाय खालच्या टोपलीत अडकला.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की, अनवधानाने होणाऱ्या इजांनी जगात जे मृत्यू होतात, त्यांत रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो, आणि त्यांत साठी ओलांडलेली माणसे सर्वाधिक असतात. आमचे मनगटावर निभावले. डॉक्टरांनी सहा आठवड्यांचे प्लास्टर घातले.

त्या सहा आठवड्यांत मी त्यांच्या कॉटशेजारी बसू लागले. एका दुपारी न राहवून मी म्हणाले, “आत्या, माझं चुकलं.” त्या म्हणाल्या, “आगं, टोपलीचं काय चुकलं न्हाई. टोपल्या आमीबी भरल्यात. पर हात जिथं जातो तिथं वस्तू पायजे.” आणि मग, इतक्या वर्षांत मी कधी विचारलेच नव्हते ते त्यांनी आपण होऊन सांगितले.

आमचे जुने घर भीमेच्या काठी होते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. पण पाणी त्याआधीच चढू लागले होते आणि माणसे सामान हलवू लागली होती. सासूबाई तेव्हा चाळिशीच्या आत-बाहेर. बैलगाडीच्या सात खेपा झाल्या. काय कशात भरले होते ते त्यांना आजही पाठ आहे. हाऱ्यात भांडी, दुरडीत देव, रोवळीत कांदे-लसूण, सुपात वाळवण बांधून, डालग्यात कोंबड्या. कणगी गाडीत बसेना म्हणून ज्वारी पोत्यांत भरली आणि कणगी तिथेच सोडली; तिचे त्यांना अजून वाईट वाटते. त्या वेळी गावात प्लास्टिक जवळजवळ नव्हतेच. बुरडाने विणलेल्या या टोपल्या म्हणजेच तेव्हाचे स्वस्त सामानघर, आणि प्रत्येकीचे काम ठरलेले असे. रोवळीत धुणे-निथळणे, दुरडीत भाकरी, पाटीत माती नाहीतर शेण. एकीचे काम दुसरीला कुणी सांगत नसे.

नव्या जागी घर उभे राहिले तेव्हा त्यांनी गवंड्याकडून कोनाडे जुन्या घरात होते तिथेच ठेवून घेतले. आत शिरताना डाव्या हाताला तेल, चुलीच्या उजवीकडे मीठ, मागच्या भिंतीत दिवा. “पयल्याच राती अंदारात मिठाचं गाडगं घावलं,” हे त्यांनी दोनदा सांगितले. म्हणजे जे घर पाण्याखाली गेले, त्याचा आराखडा आमच्या स्वयंपाकघरात इतकी वर्षे शिल्लक होता. नजर अधू झाल्यावर त्या त्याच आराखड्यावर चालत होत्या, आणि मी तो एका दुपारी पुसून टाकला होता. उन्हाळ्यात धरणाचे पाणी ओसरले की जवळच्या पळसदेवचे बुडालेले देऊळ उघडे पडते आणि लोक ते पाहायला जातात. त्या मात्र कधी गेल्या नाहीत.

मग आम्ही घर पुन्हा लावले. त्या कॉटवरून सांगत, मी हलवत असे. पहिल्याच दिवशी बोळातली चळत उठली. जमिनीवर, चालण्याच्या वाटेत, आता काहीच ठेवत नाही. कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली जेवढे मावेल तेवढेच रोजच्या वापराचे. झाकणे काढून टाकली. प्लास्टरमधल्या हाताने झाकण उघडत नाही हे तर झालेच. पण झाकणाखालची वस्तू म्हाताऱ्या माणसाच्या लेखी नसल्यासारखीच असते. निळा रंगही माझी चूकच होती. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते, आणि निळ्या-हिरव्या छटा एकमेकींत मिसळू लागतात. मोतीबिंदूने त्यात भर पडते. मला सुबक वाटलेली ती रांग त्यांना अंधुकशा एका पट्ट्यासारखी दिसत होती. आता पांढऱ्या भिंतीशी लाल टोपली आहे, ती त्यांना कॉटवरूनही दिसते.

औषधांचा प्रश्न अधिक नाजूक होता. त्यांना अक्षरओळख नाही, तेव्हा चिठ्ठ्या चिकटवून उपयोग नव्हता. सकाळच्या रक्तदाबाच्या गोळ्या प्लास्टिकच्या गुळगुळीत डब्यात ठेवल्या आणि रात्रीच्या गोळ्या बांबूच्या खरबरीत परडीत. वीज नसली तरी बोटांना फरक कळतो. गोळ्या पट्टीतच राहू देतो, आणि पट्टी कापायची झाली तर मुदतीची तारीख राखून कापतो. दोन्ही भांडी चुलीच्या उष्णतेपासून आणि न्हाणीघराच्या ओलीपासून दूर आहेत. रोजची गोळी हातावर मीच ठेवते. पण मी नसताना त्यांचे अडू नये.

या आवराआवरीत एक गोष्ट सापडली आणि माझ्या अंगावर काटा आला. ओट्याखाली, रॉकेलच्या जुन्या डब्यामागे, शीतपेयाच्या बाटलीत उरलेले तणनाशक होते. उसाला मारून राहिलेले, ‘पुन्हा लागेल’ म्हणून ह्यांनी आणून ठेवलेले. मी बाटली ह्यांच्यासमोर धरली. हे काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी शेतातल्या खोलीत लोखंडी पेटी आणि कुलूप आले. शेतकऱ्याच्या घरात वृद्ध माणूस असो वा लहान मूल, टोपल्या घेण्याआधी ही एक बाटली शोधावी. तणनाशक मूळ डब्यातच, कुलपात आणि घराबाहेर असावे. खाण्यापिण्याच्या भांड्यात तर ते कधीच ओतू नये. डांबरगोळ्याही आता धान्यापासून आणि औषधांपासून वेगळ्या झाल्या आहेत.

बांबू की प्लास्टिक, असे शेजारणी विचारतात. माझे मत असे की, कांदा-लसणाला हवा लागते, त्याला विणलेली टोपलीच बरी; पण बांबूला भुंगा लागतो, भुकटी पडते, आणि औषधे व कपडे यांना ते सोसत नाही. तिथे धुता येणारे प्लास्टिक घ्यावे. जुनेच सगळे चांगले, असे सासूबाईही म्हणत नाहीत. चाके असलेली एक टोपली त्यांनी स्वतः मागून घेतली. तीत धुतलेले कपडे ठेवून त्या बसल्या जागी घड्या घालतात.

खुंटीवरच्या तिसऱ्या पिशवीत काय आहे, तेही अखेर पाहिले. गंजलेली एक कडी आणि कोयंडा. जुन्या घराच्या दाराचा. दार आडसर म्हणून गोठ्याला गेले, आणि गोठाही पुढे पडला. टोपल्या लावल्या त्या दिवशी मी ही पिशवी भंगारात टाकायला काढली होती. भंगारवाला आला नाही म्हणून ती वाचली, हे मी त्यांना सांगितलेले नाही. पिशवी पुन्हा त्याच खुंटीवर आहे.

चैत्रात प्लास्टर निघाले. मनगट अजून पुरते वळत नाही, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे त्या दिवसातून दोनदा रबरी चेंडू दाबतात. चौदांपैकी आठ टोपल्या वापरात आहेत. तीन जावेने नेल्या, दोन माळ्यावर पडून आहेत, आणि उरलेली एक परसात ठेवली होती, तीत गेल्या आठवड्यापासून कोंबडी अंड्यांवर बसली आहे.