भाड्याचा हिशेब

आमच्या पहूरला कोणी पाहुणा आला, तर त्याला दाखवायला फारसे काही नसते. वाघूर नदी आहे, पण पावसाळा सरला की ती बहुतेक दगडांचीच उरते. अजिंठ्याची लेणी जवळ आहेत, पण ती आमची नव्हेत; लेण्यांकडे जाताना पाहुणा आमच्या फाट्यावर चहा पितो, एवढाच आमचा त्या वैभवाशी संबंध. मग एकच गोष्ट उरायची, ती म्हणजे पी. जे. पाचोरा ते जामनेर अशी 56 किलोमीटर धावणारी, अडीच फुटी रुळांवरची आमची छोटी गाडी. धावणारी म्हणायचे ते केवळ रीत म्हणून. वळणावर उतरून, बोरे तोडून पुन्हा डब्यात चढल्याच्या कथा आमच्याकडे प्रत्येक घरात आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या तरी खऱ्या असाव्यात.

शंभरीच्या घरात आलेली ही म्हातारी 2020 च्या मार्चमध्ये, साथीच्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. पुढे रूळ रुंद करून तिला बोदवडपर्यंत न्यायचे ठरले. गाव हळहळले. मीही हळहळलो. चित्रकलेचा मास्तर असलो तरी दोन कादंबऱ्या माझ्या नावावर आहेत, तेव्हा हळहळणे हा माझा अर्धा व्यवसायच. गाडीवर मी एक लेखसुद्धा लिहिला. माझ्या वहिनी मात्र हळहळल्या नाहीत. त्या दिवा लावून ओट्यावर बसल्या आणि त्यांनी हिशेब केला.

त्या हिशेबाची कथा थोडी मागून सांगायला हवी.

दादा गेले तेव्हा वहिनींच्या पदरात कोरडवाहू दोन एकर आणि एक मुलगी होती. त्याच्या आधीपासूनच त्या एका दालमिलमध्ये कामाला जात. मिल आमच्या गावातच होती. तूर, हरभरा, मूग चाळायचा, पाखडायचा, खडे नि डागी दाणे निवडायचे, हे तिथे बायांचे काम. घरातून निघाले की दहा मिनिटांत हजेरी. दुपारी मुलगी शाळेतून आली की घरी येऊन तिला वाढून परत जाता येई. ही दहा मिनिटे त्यांच्या पगारात कुठे लिहिलेली नव्हती, आणि ती पगाराचाच एक भाग होती, हे आम्हांला कळले तेव्हा ती हातची गेली होती.

2017 साली मालकांनी जामनेरच्या बाजूला मोठी जागा घेतली, नवी यंत्रे बसवली आणि मिल तिकडे नेली. त्यात मी त्यांना दोष देत नाही. धंदा वाढला तर जागा लागणारच. बायांना मुकादमाने शनिवारी सांगितले की सोमवारपासून तिकडे या. कागद नाही, नोटीस नाही. कोणी विचारलेही नाही, कारण पी. जे. होती. दहा रुपयांत जामनेर. सकाळची गाडी आपल्या मर्जीने यायची, म्हणून ती येईपर्यंत मुकादम हजेरीचे पुस्तक उघडे ठेवी. हे कोणी ठरवले नव्हते, पण तीन वर्षे तसे चालले.

गाडी बंद झाली, टाळेबंदी उठली, मिल पुन्हा सुरू झाली, आणि हजेरीचे पुस्तक ठोक आठला मिटू लागले. उरली ती ॲपे रिक्षा. जायचे तीस, यायचे तीस. 2021 च्या अखेरीस एस. टी. चा संप सुरू झाला आणि चांगला पाच-सहा महिने रेंगाळला, तेव्हा रिक्षावाले मागतील तो भाव. 2023 च्या मार्चपासून सरकारने बायांना एस. टी. त निम्मे तिकीट केले. शेटजींना हे फार आवडले. आता कसली ओरड, असे ते म्हणू लागले. पण सकाळची गाडी आमच्या फाट्यावर येई तेव्हा मिलमध्ये हजेरी होऊन गेलेली असे. निम्मे तिकीट हातात आणि निम्मा दिवस खाडा, असा तो मामला होता.

वहिनींची मजुरी तेव्हा 320 रुपये होती. त्यांतले 60 रस्त्यावर. महिन्याचे दिवस 26. म्हणजे 1560 रुपये. मुलगी बारावीला होती, तिच्या शिकवणीची फी याहून थोडी कमी होती. मी देतो म्हणालो तर म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही किती दिवस द्याल? आणि बाकीच्या सोळा जणींना कोण देईल?"

मग अर्ज लिहायचे ठरले आणि लिहिणारा अर्थातच मी. असा अर्ज मी आयुष्यात लिहिला नव्हता. पहाटेचा अंधार, थंडीत कुडकुडणाऱ्या माउल्या, निजलेल्या लेकरांच्या कपाळावरून फिरणारा हात, सगळे त्यात आले. तीन पाने झाली. वाचून दाखवताना माझाच आवाज भरून आला. वहिनींनी शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "भाऊजी, अर्ज चांगला झाला. पण यात पैसे कुठी आहेत?"

शेटजींनी तो अर्ज वाचला म्हणे. वाचून मुनीमजींना म्हणाले, मास्तरांची लेखणी मोठी झकास आहे. एवढेच. माझ्या साहित्यसेवेला मिळालेला हा एकमेव अभिप्राय, ज्याने मला रात्रभर झोप आली नाही.

जळगावच्या कामगार कार्यालयातून कारकून म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आमच्या ओळखीचे आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी माझी तीन पाने चष्म्याखालून पाहिली, बाजूला ठेवली आणि विचारले, "किलोमीटर किती? भाडे किती? आधी किती वेळ लागायचा, आता किती लागतो? कोण किती वर्षे कामावर आहे? मिल हलवताना लेखी काय दिले?" यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्या तीन पानांत नव्हते.

मग त्यांनी कायदा सांगितला. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात नववे 'अ' कलम होते. नोकरीच्या काही अटी बदलायच्या तर मालकाने 21 दिवस आधी कामगारांना नोटीस द्यायची. कोणत्या अटी, त्यांची यादी चौथ्या परिशिष्टात. मजुरी, भत्ते, कामाचे तास, पाळी, सुट्ट्या, अशा अकरा बाबी. मी अधीरपणे विचारले, "आणि कामाची जागा?" तात्या हसले. "ती बाब नाही त्यात. पण आठवी बाब बघा. चालत आलेली सवलत काढून घेणे किंवा वहिवाट बदलणे. तुमची हजेरी गाडी येईपर्यंत उघडी राहायची ना? ती वहिवाट. ती कोणी आणि कधी मोडली, तिथून आत शिरा." त्या कायद्याच्या जागी आता 2020 ची औद्योगिक संबंध संहिता आली आहे, पण 21 दिवसांची ती नोटीस तिच्यातही ठेवली आहे.

दुसरी गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. परवडत नाही म्हणून कोणी घरी बसायचे नाही. घरी बसलात की मालक लिहिणार, खुशीने काम सोडले. सलग वर्षभर काम केलेल्याला मालकाने कमी केले तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्यावा लागतो. आपण होऊन गेलात तर तो हक्क उरत नाही. बायांना काढण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, तात्या म्हणाले, त्यांना लांब न्यायचे आणि वाट पाहायची.

रस्त्याचा विषय निघालाच होता म्हणून त्यांनी आणखी एक गंमत सांगितली. 2010 साली कामगार विम्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली. घर ते काम या वाटेवर अपघात झाला तर काही अटींवर तो कामावरचाच धरायचा. म्हणजे वाटेत हातपाय मोडले तर ती वाट कामाची, आणि धडधाकट पोचलात तर ती तुमची! फ्रान्समध्ये म्हणे आगगाडीच्या नि बसच्या पासाचे निम्मे पैसे मालकाने द्यायचे असतात. धडधाकट पोचणाऱ्यांचाही तिथे विचार केलेला दिसतो.

मुंबईच्या माथाडींची हकीकतही तात्यांनीच सांगितली. मसजिद बंदरच्या बाजूला ओझी वाहणारी ही माणसे, त्यांच्यासाठी 1969 मध्ये वेगळा कायदा झाला. पुढे घाऊक बाजार खाडीपलीकडे वाशीला न्यायचे ठरले. 1980 नंतर आधी कांदा-बटाटा गेला, मग बाकीचे एकेक करून गेले. मानखुर्दहून खाडी ओलांडून वाशीला जाणारी रेल्वे मात्र सुरू झाली 1992 च्या मे महिन्यात. बाजार आधी गेला, रूळ मागून. तरी त्या माणसांच्या पाठीशी अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना होती. सिडकोने कोपरखैरणे, घणसोलीकडे माथाडींसाठी घरे बांधली. आमच्या सतरा बायांच्या पाठीशी कोण? एक ड्रॉइंग मास्तर, मॅट्रिक, आणि एक निवृत्त कारकून.

दुसरा अर्ज एका पानाचा झाला. त्यात एकही विशेषण नव्हते. सतरा नावे, प्रत्येकीची वर्षे, किलोमीटर, मिनिटे, रुपये. मधला मजकूर वहिनींनी सांगितला आणि मी नुसता लिहून घेतला. 'मिल हलली त्या दिवशी मजुरी कमी झाली नाही असे म्हणता, पण हातात 320 चे 260 येतात.' हे वाक्य मी लिहिले आणि थांबलो. मालकांनी मजुरी सरळ 260 केली असती तर सतराही जणी दाराशी ठाण मांडून बसल्या असत्या. मजुरी जागच्या जागी ठेवून मिल हलवली, तर आम्ही गाडीवर लेख लिहीत बसलो.

दसऱ्यानंतर शेटजींनी बोलावले. माणूस वाईट नाही. चहा दिला. म्हणाले, "मास्तर, मी यांना कुठे हलवले? मिल हलली. जामनेरला बाया मिळत नाहीत का मला?" मी काहीतरी मोठे बोलायच्या बेतात होतो, पण वहिनी आधी बोलल्या. "मिळतील शेटजी. पण चौदा वर्षे हात बसलेला माणूस मिळायला चौदा वर्षे लागतील." शेटजींनी कप खाली ठेवला. वहिनींनी निवडलेल्या डाळीत खडा निघत नाही, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी मुनीमजींनी सगळ्यांना ओळीने उभे केले. पहूरहून येणारीला दिवसाला तीस रुपये द्यायचे ठरले होते, त्याचा पहिला पंधरवडा. वहीत रकाना आखलेला होता, वर मथळा होता 'दिवाळी बक्षीस'. पुढच्या दोघींनी अंगठे उठवले. वहिनींनी पेन हातात घेतले, मथळा वाचला आणि पेन खाली ठेवले.

"मुनीमजी, दिवाळी झाल्यावरही आम्ही रिक्षानेच येणार ना?"

"मग?"

"मग याला बक्षीस कसे म्हणता? गाडीभाडे लिहा."

मुनीमजी आत गेले. बराच वेळ आले नाहीत. रांगेतल्या बाया कुजबुजू लागल्या, एक-दोघी म्हणाल्याही की सणासुदीला पैसे मिळताहेत ते घ्यावेत. मलाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल करतो. तात्यांनी सांगितलेली आठवी बाब मी विसरलो होतो, वहिनी विसरल्या नव्हत्या. बक्षीस पुढच्या वर्षी देता येते किंवा न देताही येते. चालत आलेले गाडीभाडे काढायचे तर नोटीस द्यावी लागते.

मुनीमजी आले, खुर्चीवर बसले, पट्टी लावून 'दिवाळी बक्षीस' वर रेघ मारली आणि खाली लहान अक्षरांत 'गाडीभाडे' लिहिले. वहिनींनी सही केली. पैसे मोजले, रुमालात बांधले.

"अजून तीस राहिले," एवढे म्हणून त्या रिक्षाच्या दिशेने चालू लागल्या.