वेबसाइट कोणाच्या नावावर आहे?

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार नव्हता. हा प्रसंग आपण दर जयंतीला भाषणात सांगतो. पण बाबासाहेबांनी पुढे काय केले, ते फार कमी वेळा सांगतो. ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०), ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे तर त्यांनी काढलीच, शिवाय स्वतःचा छापखाना उभा केला. आपला शब्द दुसऱ्याच्या यंत्रावर आणि मर्जीवर अवलंबून ठेवायचा नाही, हा त्यामागचा विचार होता. म्हणूनच जून २०१६ मध्ये दादरचे आंबेडकर भवन आणि तिथला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला, तेव्हा समाज पेटून उठला. तो राग नुसत्या विटा-सिमेंटसाठी नव्हता.

आज आपला शब्द कुठे छापला जातो? व्हॉट्सअ‍ॅपवर, फेसबुकवर, यूट्यूबवर. म्हणजे भाड्याच्या खोलीत. ऑर्कुटवर आपल्या तरुणांनी भरभरून वाद घातले. ३० सप्टेंबर २०१४ रोजी ऑर्कुट बंद झाले, २०१९ मध्ये गूगल प्लसही गेले. मालकाने दुकान बंद केले की आपले सामान रस्त्यावर येते. तक्रार कुणाकडे करायची?

आमची संस्था तालुक्याच्या ठिकाणी काम करते. अभ्यासिका, शिष्यवृत्तीची मदत आणि अत्याचाराच्या प्रकरणांचा पाठपुरावा ही तिची मुख्य कामे. संस्थेची जुनी वेबसाइट एका व्यावसायिकाने करून दिली होती. पैसे संस्थेने दिले, पण डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतले. पुढे त्याने फोन उचलणे बंद केले, नूतनीकरण झाले नाही आणि अनेक वर्षांचे अहवाल एका दिवसात दिसेनासे झाले. नवी वेबसाइट उभारायचे काम कार्यकारिणीने माझ्याकडे सोपवले, तेव्हा पहिला ठराव हाच झाला: डोमेन संस्थेच्या नावावर, होस्टिंग संस्थेच्या नावावर आणि दोन्हींच्या पावत्या संस्थेच्या दप्तरी.

आम्ही वर्डप्रेस निवडले. २००३ पासून चालत आलेली ही मुक्त प्रणाली आहे. ती कुणीही वापरावी, बदलावी, वाटावी, असा तिचा परवानाच आहे. मराठीतही ती उपलब्ध आहे. होस्टिंग कंपनी आवडली नाही, तर सगळा मजकूर आणि डेटाबेस उचलून दुसरीकडे नेता येतो. आमच्यासाठी हा मुद्दा निर्णायक होता. ती बसवायला फार वेळ लागत नाही. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते तांत्रिक कमी, वैचारिक जास्त आहे.

पहिला वाद झाला विभागांवरून. लेख कोणत्या विभागात टाकायचा, हे प्रत्येक वेळी ठरवावे लागते. अत्याचाराची बातमी कुठे टाकायची? एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, ‘गुन्हे’ विभागात. वृत्तपत्रे तेच करतात. वस्तीवर हल्ला होतो आणि बातमी येते ‘दोन गटांत हाणामारी’. घटना तीच, पण खण बदलला की जात गायब होते. समाजशास्त्र शिकताना वर्गीकरण ही सत्ता असते, हे वाचले होते. इथे ते संगणकाच्या पडद्यावर समोर उभे राहिले. आम्ही ‘जातीय अत्याचार’ असा स्वतंत्र विभाग केला आणि त्याखाली पोलीस तपास, न्यायालय, पुनर्वसन असे उपविभाग केले. आता एखाद्या प्रकरणात गुन्हा नोंदवून सगळे गप्प बसले, तर पुढचे उपविभाग रिकामे दिसतात. रिकामा खणसुद्धा साक्ष देतो.

दुसरा प्रश्न अधिकारांचा. वर्डप्रेसमध्ये प्रशासक, संपादक, लेखक, योगदानकर्ता अशा पायऱ्या आहेत. योगदानकर्ता लिहू शकतो, पण प्रकाशित करू शकत नाही. एक ज्येष्ठ सहकारी हसून म्हणाले, “ही तर नवी उतरंड झाली!” विनोद बाजूला ठेवून मी त्यांना उत्तर दिले. जातीची पायरी जन्माने मिळते आणि बदलत नाही. इथली पायरी कामाने मिळते आणि एका क्लिकवर बदलते. मात्र ती बदलण्याचा अधिकार एकाच माणसाच्या हातात राहिला, तर ही व्यवस्थाही मठ बनते. म्हणून आमच्याकडे दोन प्रशासक आहेत, त्यातली एक महिला मंडळाची सचिव. अभ्यासिकेतल्या मुली योगदानकर्त्या म्हणून आल्या, आणि त्यातल्या दोघी आज संपादक आहेत.

तिसरी बाब भाषेची. आमची जुनी पत्रके श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती. ती ब्राउझरमध्ये उघडली की अगम्य चिन्हे दिसतात. ती युनिकोडमध्ये आणून, ओळ न् ओळ तपासून घ्यावी लागली. शिवाय मराठी शीर्षकावरून आपोआप तयार होणारा दुवा कॉपी केला की अनेकदा टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते. कारण तिथे देवनागरीचे प्रत्येक चिन्ह नऊ इंग्रजी चिन्हांत लिहिले जाते, आणि दुव्याला मर्यादा आहे दोनशे चिन्हांची. म्हणजे देवनागरीची जेमतेम बावीस चिन्हे, त्यात काना-मात्राही वेगळी मोजली जाते. ही यंत्रे बनवताना आपली लिपी कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती. आम्ही शीर्षक मराठीतच ठेवतो आणि दुवा रोमन लिपीत छोटा करतो.

चौथी बाब सर्वांत गंभीर. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे बहुतेकांना माहीत असते. पण ओळख फक्त नावाने उघड होत नाही. छोट्या गावात आडनाव, घराचा फोटो, नोकरीचे ठिकाण एवढे पुरते. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते. आणि लेख ‘खाजगी’ ठेवला, तरी त्यासोबत चढवलेली फाइल थेट दुव्यावरून उघडता येते. म्हणून तक्रारीच्या प्रती, वैद्यकीय कागद, जबाब आम्ही वेबसाइटवर चढवतच नाही. ते कपाटात, कुलपात राहतात. ज्या कुटुंबाला उद्याही त्याच गावात राहायचे आहे, त्याच्या सुरक्षिततेपेक्षा आपली पोस्ट मोठी नाही.

काही कार्यकर्ते विचारतात, “वेबसाइट उघडून बघतो कोण? सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत.” प्रश्न बरोबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप हे वाहन आहे, ते जरूर वापरावे. पण वाहनात घर होत नाही. परवाचा मेसेज आज सापडत नाही, आणि चित्रावर लिहिलेला मजकूर शोधून हाती लागणे अवघड असते. जूनमध्ये प्रवेशासाठी धावणारी मुलगी ‘बौद्ध विद्यार्थ्याने जातीच्या दाखल्यासाठी काय करावे’ असे शोधते, तेव्हा तिला उत्तर सापडले पाहिजे. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती खुल्या झाल्या, तरी धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहावे की नाही या भीतीने आजही घरे गोंधळतात. त्यावरचे एक नीट लिहिलेले, तारीख घातलेले आणि नियम बदलला की सुधारले जाणारे पान दहा भाषणांचे काम करते.

तेव्हा माझी विनंती एवढीच. जयंतीच्या वर्गणीतला थोडा हिस्सा दरवर्षी डोमेन आणि होस्टिंगसाठी बाजूला काढा. पासवर्ड एकाच उत्साही पोराच्या मोबाइलमध्ये ठेवू नका, कार्यकारिणीकडे बंद पाकिटात ठेवा. दर महिन्याला बॅकअप घ्या, तो दुसऱ्या ठिकाणी सांभाळा. वस्तीतल्या मुलींना मराठी टायपिंग शिकवा आणि प्रकाशित करण्याचा अधिकार द्या. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात अशी वेबसाइट कित्येक वर्षे चालते. आपला इतिहास दुसऱ्यांनी लिहिला म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या ओरडत आलो. आता लिहायची जागा आपल्या नावावर करून घेणे तरी आपल्या हातात आहे.

जय भीम! जय भारत!