अनशापोटी

मराठी माणसाच्या आरोग्यविचारात 'अनशापोटी' या शब्दाला जे स्थान आहे, ते अन्य कोणत्याही शब्दाला नसावे. रिकामे पोट म्हटले की केवळ अभाव सूचित होतो. अनशापोटी म्हटले की त्या अभावाला एक प्रकारचे सोवळे प्राप्त होते. रात्र सरलेली आहे, मुखात अन्नाचा कण गेलेला नाही, आणि आता जे पहिले पोटात जाईल ते अंगी लागेल, अशी आपली पिढीजात श्रद्धा आहे. आजीची ओव्याची चिमूट, वैद्यांचे चूर्ण, निसर्गोपचारकांचा दुधीचा रस या सर्वांनी हीच घटका आपल्यासाठी राखून ठेवलेली दिसते. गेल्या काही दशकांत तिच्यावर आणखी एका पदार्थाने हक्क सांगितला आहे. तो म्हणजे थायरॉक्सिनची गोळी. हिलाही अनशापोटीच घ्यावयाचे असते, सोबत केवळ साधे पाणी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास दुसरे काहीही नाही. आयुर्वेदाच्या भाषेत बोलायचे तर या औषधाला पाण्यावाचून अनुपान नाही.

हे दोन दावेदार आमच्या ताईच्या स्वयंपाकघरात समोरासमोर उभे ठाकले, तेव्हा या विषयाकडे आमचे लक्ष वेधले गेले. ताई संस्कृतची निवृत्त शिक्षिका. अकरा वर्षांपूर्वी तिच्या अवटू ग्रंथीने काम मंद केले आणि गोळी सुरू झाली. निसर्गोपचाराचा आहार तिने स्वीकारला तो त्यानंतर पाच वर्षांनी. सूर्यास्तापूर्वी जेवण, सकाळी दुधीचा रस, दुपारच्या ताटात निम्मे कच्चे अन्न, गव्हाऐवजी ज्वारी आणि नाचणी, साखर वर्ज्य, मीठ सैंधव. या आहाराची टिंगल करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. त्याने तिचे वजन उतरले, जुनी बद्धकोष्ठता गेली, गुडघे जिना चढू लागले. शिवाय चाळीस वर्षे इतरांच्या जेवणाच्या वेळा सांभाळलेल्या बाईला स्वतःच्या ताटावर प्रथमच स्वतःची सत्ता मिळाली. हा लाभ कोणत्याही तपासणीच्या अहवालात उमटत नाही. परंतु तो आम्ही पाहिलेला आहे.

प्रश्न उद्भवला तो शब्दांपासून. दोन वर्षांपूर्वी ताई एका आहार-शिबिराला गेली. (त्याचे नाव सांगण्यात हशील नाही; अशी शिबिरे पुष्कळ आहेत.) तेथे तिला सांगण्यात आले की, शरीर शुद्ध होत असताना बाहेरचे 'रसायन' घेणे म्हणजे एका हाताने अंगण झाडावे आणि दुसऱ्या हाताने कचरा टाकावा, तसे आहे. उपमा चांगली होती. ताईला उपमा चांगली असली की विधानही खरे वाटते. हा आपणा साहित्याच्या मंडळींचा सामायिक दोष आहे. पण त्या वाक्यातील 'रसायन' या शब्दाकडे संस्कृतच्या शिक्षिकेने थांबून पाहायला हवे होते. रसायन हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. जरा आणि व्याधी यांना दूर ठेवणारे ते रसायन; च्यवनप्राश हे त्याचे घरोघर ठाऊक असलेले उदाहरण. तोच शब्द शाळेतल्या प्रयोगशाळेत गेला, 'केमिकल'चा प्रतिशब्द झाला, आणि परत आला तो दूषण होऊन. आज एकाच फळीवर दोन बाटल्या असतात. एकीवर रसायन म्हणून प्रेम असते, दुसरीवर रसायन म्हणून राग.

आम्हाला 'संप्रेरक' हा शब्दही येथे आठवतो. 'हॉर्मोन' हे नाव १९०५ साली लंडनच्या स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने रूढ केले, ते चेतवणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून. आपल्या परिभाषाकारांनी त्यासाठी जी प्रेरणा शोधली, ती मुळाशी इमान राखून आहे. 'अवटू'च्या बाबतीत मात्र वेगळे घडले. अमरकोशात अवटू म्हणजे मानेची मागची बाजू. ग्रंथी तर गळ्याच्या पुढे, स्वरयंत्राच्या खाली, फुलपाखरासारखी बसलेली. शब्द मानेला वळसा घालून पुढे आला. त्याबद्दल तक्रार नाही; शब्द असे चालतातच. चालत्या शब्दांवर विसंबून औषध सोडू नये, एवढेच.

ताईने गोळी सोडली. आणि काहीच झाले नाही! येथेच या औषधाची गंमत आहे, आणि धोकाही. थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे एक आठवडा लागतो. म्हणजे गोळी बंद केल्यावरही पहिले दोन-तीन आठवडे माणूस आधी घेतलेल्या गोळ्यांच्या पुण्याईवर जगत असतो. त्याच काळात शिबिराचा उत्साह असतो, वजनाचा काटा थोडा खाली गेलेला असतो. साहजिकच सारे श्रेय आहाराच्या नावे जमा होते. "अरे, पंधरा दिवस झाले गोळीला हात लावला नाही, आणि पाय कसे पिसासारखे वाटतायत," असे ताईने आम्हाला फोनवर सांगितले. आम्ही "डॉक्टरांना विचारलंस का?" एवढेच म्हणालो. उत्तरादाखल तिने नाचणीच्या आंबिलीची कृती सांगितली.

तिसऱ्या महिन्यात तिचा आवाज बदलला. फोनवर प्रथम आम्हाला वाटले, पलीकडे दुसरेच कोणी आहे. स्वर जाड, शब्दांमध्ये अंतर. वैशाखात ती शाल पांघरून बसे. चेहरा सुजला, त्वचा खरखरीत झाली, ज्या बद्धकोष्ठतेवर आहाराने विजय मिळवला होता तीही परतली. नाडी मंदावली. आणि ज्या बाईला रूपे आणि धातू मुखोद्गत, ती एका दुपारी साध्या शब्दाशी अडखळून गप्प बसली. आम्हाला भय वाटले ते त्या गप्प बसण्याचे. तपासणीत टीएसएच, म्हणजे ग्रंथीला कामाला लावण्यासाठी मेंदूतळाची पीयूषिका ग्रंथी जो हाकारा करते तो, साठाच्या पुढे गेलेला. साधारणतः तो चार-साडेचारच्या आत असावा लागतो. आतून कोणी ओ देत नाही, म्हणून हाक वाढत चाललेली.

तिच्या व्याधीचे नाव हाशिमोटो. १९१२ मध्ये एका जपानी शल्यचिकित्सकाने ती प्रथम वर्णिली. शरीराचे संरक्षक दलच या ग्रंथीवर चाल करून जाते आणि ती हळूहळू निकामी होते. अशा ग्रंथीला आहाराने पुन्हा जागे करणे घडत नाही. जे शरीर बनवू शकत नाही ते बाहेरून द्यावे लागते. म्हणून ही गोळी रूढ अर्थाने औषध नव्हेच. ती भरपाई आहे.

या भरपाईचा इतिहास अहिंसक आहार घेणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावा. १८९१ साली न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरने सेहेचाळीस वर्षांच्या एका रुग्ण स्त्रीला मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचला. बाई सुधारली आणि १९१९ पर्यंत, म्हणजे पुढे अठ्ठावीस वर्षे, जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशे सत्तरहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी वापरल्या गेल्या. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल याने शुद्ध थायरॉक्सिन वेगळे काढले, तेही डुकरांच्या ढीगभर ग्रंथींमधून. पुढे हॅरिंग्टनने त्याची रचना उलगडली आणि १९२७ मध्ये बार्जरच्या साहाय्याने ते प्रयोगशाळेत बनवले. आज ताई घेते ती पंचाहत्तर मायक्रोग्रॅमची गोळी कारखान्यात घडलेली आहे. तिच्यातला रेणू मात्र निरोगी ग्रंथी जो घडवते तोच. एक ग्रॅम थायरॉक्सिन या मात्रेने छत्तीस वर्षे पुरेल. उलट, 'नैसर्गिक' म्हणून विकला जाणारा वाळवलेल्या ग्रंथीचा प्रकार अमेरिकेत अजून मिळतो, आणि तो डुकराचा असतो. म्हणजे निसर्गाचा आग्रह धरावा तर वाट कत्तलखान्याकडे जाते, आणि ज्या 'कृत्रिम' गोळीवर शिबिरात बोट रोखले गेले तिच्यासाठी एकाही मेंढीची मान कापावी लागत नाही. हे आम्ही ताईला सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मला तिथं कुणी सांगितलं नाही."

शिबिरवाले गांधीजींचे नाव घेतात, म्हणून तेही पाहू. १९०९ च्या 'हिंद स्वराज्य'मध्ये डॉक्टर आणि रुग्णालये यांच्यावर त्यांनी जे कोरडे ओढले आहेत ते प्रसिद्धच आहेत. परंतु १२ जानेवारी १९२४ रोजी येरवड्याचा हा कैदी पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेसाठी कर्नल मॅडॉक यांच्या सुरीखाली निजला. मध्येच वीज गेली आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले. त्याआधी, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीच्या आजारपणात, दूध न पिण्याचे व्रत आडवे आले तेव्हा कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट सुचवली, आणि ती त्यांनी पत्करली. व्रताचा शब्द राहिला, आत्मा दुखावला, अशी खंत त्यांनी आत्मकथेत नोंदवली आहे. १९४६ मध्ये उरुळी कांचनला निसर्गोपचाराचे काम सुरू करणारे गांधीजी या दोन्ही प्रसंगांतून गेलेले होते. अनुयायांच्या हाती मात्र त्यांचे फटकारे तेवढे लागले. खंत आणि कंदील कोणाच्या लक्षात नाहीत.

गोळी पुन्हा सुरू झाली. आता अनशापोटीचा झगडा. दुधीचा रस, तंतुमय कच्चे अन्न, सोयाबीनचे पदार्थ, कॉफी, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हे सगळे थायरॉक्सिनच्या शोषणात कमीअधिक अडथळा आणतात. पहाटे उठून गोळी आणि तासाने रस असा मार्ग होता. पण ताईला पहाटेची ती घटका फोडायची नव्हती. तोडगा डॉक्टरीणबाईंनी सुचवला. "ताई, तुम्ही सातच्या आत जेवता ना? मग रात्री दहाला घ्या. तीन तास झालेले असतात, पोट रिकामंच असतं." रात्री घेतलेली गोळी सकाळच्या गोळीइतकीच लागू पडते, हे अभ्यासांतूनही दिसून आलेले आहे. आठ-साडेआठला जेवून लगेच आडवे होणाऱ्या आमच्यासारख्याला ही सोय नाही. ती ताईला मिळाली तिच्या आहारनियमामुळे! ज्या पथ्याने गोळी हाकलली होती, त्यानेच तिला दहाची जागा करून दिली.

आणखी दोन गोष्टी बाईंनी बजावल्या. केसांसाठी म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनने काही प्रयोगशाळांतील थायरॉइडचे आकडे खोटे येतात, तेव्हा तपासणीपूर्वी ते काही दिवस बंद ठेवायचे. आणि दुधीचा तुकडा आधी चाखायचा. कडू लागला तर रस टाकून द्यायचा, कारण कडू दुधीतले विष जिवावर बेतू शकते. त्या विषात कारखान्याचा काही हात नसतो.

दीड महिन्याने आकडा उतरला, आवाज त्याआधीच परतला. वाद उरला आहे तो मिठाचा. सैंधवात आयोडीन जवळपास नसते, आणि गलगंड हटवण्यासाठी या देशाने १९६२ पासून मिठाचाच मार्ग धरलेला आहे. ताईची ग्रंथी आता गोळीवर चालते, तिला स्वतःला त्याने फारसा फरक पडणार नाही. पण सुनेला पाचवा महिना आहे, गर्भारपणी आयोडीनची गरज वाढते, आणि स्वयंपाक एकाच घरात होतो. सध्या फळीवर दोन बरण्या आहेत. आमटी-भाजीत पांढरे मीठ, ताईच्या कोशिंबिरीवर सैंधव. बरण्यांवर ताईने चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत, देवनागरीत, सुवाच्य अक्षरांत. सून आणि मुलगा घाईत असले की त्या वाचतात की नाही, यावर तिचे लक्ष असते.