दारातली गाडी आणि आपले पाय

आपल्या घरातली मोठी माणसं आठवड्यातून किती वेळा पायी किंवा सायकलने कामाला जातात, हे कधी मोजून पाहिलंय का? तब्येतीसाठी सकाळी मारलेला फेरफटका यात धरायचा नाही. दूध आणायला, दळण टाकायला, बाजाराला, दवाखान्यात, मुलांना शाळेत सोडायला, मस्जिदीत, नात्यागोत्यात असं काम म्हणून जाणं तेवढं धरायचं.

गेल्या हिवाळ्यात मी आमच्या घराचा असा एक आठवडा कॅलेंडरवर लिहून काढला. निमित्त होतं अब्बा-अम्मींच्या हजच्या फॉर्मचं. मोठी माणसं आम्ही सहा: अब्बा, अम्मी, हे, धाकटे दीर, जाऊ आणि मी. दिरांच्या नावापुढे शून्य. यांच्या नावापुढे एक, तेही जुम्म्याला मस्जिदीजवळ गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून. अब्बा फजरला पायी जातात, कारण त्या वेळी स्कूटी सुरू केली तर सगळं घर जागं होतं. उरलेल्या चारही नमाजांना स्कूटी. मस्जिद आमच्या दारापासून चारशे पावलांवर आहे. जाऊ चार वेळा, बहुतेक पिठाच्या गिरणीपर्यंत. मी मुलांच्या शाळेमुळे रोज. अम्मींच्या नावापुढे शून्य होतंच, पण मला खटकलं ते वेगळंच. त्या आठवड्यात दोनदाच घराबाहेर पडल्या होत्या, आणि दोन्ही वेळा कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून.

नांदुरा काही मोठं शहर नाही. स्टेशन, बाजार, शाळा, दवाखाने, बहुतेक कामं पंधरा-वीस मिनिटांच्या चालीत आहेत. अब्बा तरुणपणी सायकलनेच कामावर जायचे, आणि पुढच्या दांड्यावर मूल, मागे अम्मी अशी वरात ज्ञानगंगेच्या पुलावरून जायची, हे ते आजही रंगवून सांगतात. मग घरात पहिली मोटरसायकल आली. ती शेतावर जायला आणली होती. दोन वर्षांत ती पानटपरीपर्यंतही जाऊ लागली.

देशाचा हिशोब एकदा झाला आहे. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्या सुमारे २० कोटी लोकांना कामावर कसं जाता, असं विचारलं गेलं. साडेचार कोटींच्या आसपास लोकांनी पायी सांगितलं, सव्वादोन कोटींहून अधिक लोकांनी सायकल, आणि दुचाकीवाले जवळजवळ सायकलवाल्यांइतकेच निघाले. आता दुचाकी किती पुढे गेली असेल ते आपल्याच गल्लीत उभं राहून दिसतं. मात्र त्या प्रश्नात एक गोम आहे. तो विचारला कामावर जाणाऱ्यांना. गिरणीवर डबा घेऊन जाणारी, मुलाचा हात धरून शाळेपर्यंत जाणारी, सासूची औषधं आणणारी बाई त्या मोजणीत कुठेच येत नाही. तिच्या चालण्याला कुणी प्रवास म्हणतच नाही.

आणि न चालण्याची किंमत तिच्याच वाट्याला जास्त येते. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातल्या जवळजवळ निम्म्या प्रौढांच्या शरीराला पुरेशी हालचाल मिळत नव्हती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, बायकांत ५७ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेचं मोजमाप फार कडक नाही: आठवड्याला किमान १५० मिनिटं जरा वेगाने चालावं. म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. अब्बांनी पाचही नमाजांना पायी जायचं ठरवलं, तरी यातला मोठा वाटा दुआ-सलाम करता करता पुरा होईल. घरकामात चालणं होतंच की, असं आपल्याकडे म्हणतात. ओट्याजवळ चार तास उभं राहून गुडघे दुखतात, दम वाढत नाही.

दीनाचं म्हणाल, तर पायी चालण्याला इतकी इज्जत क्वचितच कुठे मिळाली असेल. बनू सलमा या कबिल्याची घरं मस्जिदे नबवीपासून लांब होती. मस्जिदीजवळ जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तिथे राहायला यायचं मनात आणलं. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना आहे तिथेच राहायला सांगितलं, कारण त्यांची पावलं लिहिली जात होती. अब्बांना ही हदीस माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे. मी त्यांना एवढंच विचारलं, "अब्बा, स्कूटीची चाकं लिहितात का?" ते हसले. दुसऱ्या दिवशी जोहरला पायी गेले, असरला पुन्हा स्कूटी.

अम्मींचं इतकं सोपं नव्हतं. "पैदल जाऊंगी तो लोग क्या बोलेंगे, घर में तीन गाड्यां और बुढिया पैदल?" हे त्यांचं उत्तर. गाडी ही घरच्या ऐपतीची खूण झाली आहे, आणि बाईचं पायी जाणं हे कुणी सोडायला नसल्याचं लक्षण. काही जण याला पडद्याचा रंग देतात. मला तो पटत नाही. सफा आणि मरवा या टेकड्यांमधून एका तहानलेल्या बाळाची आई पाण्यासाठी एकटी धावली, आणि आज जगभरातले हाजी, बादशहा असो की हमाल, हजरत हाजरांच्या त्याच पावलांवर सात फेऱ्या करतात. त्या फेऱ्याच तीन किलोमीटरहून जास्त होतात. तवाफ आणि मिना-अराफातचं चालणं वेगळं. व्हीलचेअरची सोय आहे, पण अम्मींना ती नको होती. "सई मी माझ्या पायांनी करणार," असं त्यांनी स्वतःच सांगितलं. मग त्याची तयारी नांदुऱ्यातच करावी लागणार होती.

आम्ही दोघी मगरिबच्या आधी निघायला लागलो. पहिले चार दिवस कोपऱ्यापर्यंत, मग गिरणीपर्यंत, मग बाजारापर्यंत. रिकामं फिरायचं नाही, काहीतरी काम घेऊनच जायचं, असं ठरवलं होतं, कारण नुसतं चालायला अम्मींना लाज वाटायची. कोथिंबिरीची जुडी हातात असली की बरं वाटायचं. तीन आठवड्यांनी त्या आपल्या बहिणीकडे पायी गेल्या. दहा मिनिटांच्या वाटेला पाऊण तास लागला, कारण वाटेत पाच घरांत त्यांना बसवून घेतलं. त्यातल्या एका घरात कुणाचा इंतकाल होऊन चार महिने झाले होते आणि अम्मींना ते माहीतच नव्हतं. गाडीवरून त्या त्याच गल्लीतून कितीदा गेल्या असतील.

अडचणी नाहीत असं मी म्हणत नाही. हायवेवर ट्रकच्या शेजारून सायकल चालवा, असं मी माझ्या मुलालाही सांगणार नाही. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा दुपारची कामं पायी करणं म्हणजे आजाराला बोलावणं. त्या दोन महिन्यांत फजरनंतरची वेळच खरी. शेतावर, लांबच्या गावाला, रात्री दवाखान्यात जायला गाडी हवीच. प्रश्न गल्लीतल्या गाडीचा आहे.

सायकलचा विषय जावेने काढला. तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेतून खेड्यातल्या बायकांना सायकल शिकवली गेली. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं आहे की तिथे लाखाहून अधिक बायका सायकल चालवू लागल्या, आणि त्यांत मुस्लिम तरुणीही होत्या. पाणी आणणं, माल विकणं, मुलांना नेणं, सगळं त्यावर. हे तिला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आपल्याकडे शाळेतल्या मुलींना शासन सायकल देतं. बारावी झाली, लग्न झालं की ती सायकल कुठे जाते?" तिची स्वतःची सायकल माहेरी भावाने भंगारात दिली होती.

आता दिरांनी जुनी सायकल दुरुस्त करून आणली आहे. जाऊ पहाटे, रस्ता मोकळा असताना, ओढणी नीट खोचून शाळेच्या मैदानात जाते. सवय पुन्हा येतेय, पण मागच्या कॅरिअरवर दळणाचा डबा ठेवला की वळताना तोल अजून जातो, म्हणून दळणाची फेरी सध्या पायीच चालू आहे.