जयगडच्या खाडीतल्या दोन रात्री

समुद्रातलं वादळ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर आषाढ-श्रावण उभा राहतो ना? खरं तर त्या दिवसांत आपल्याकडच्या बहुतेक होड्या काठावर ओढून, झाकून ठेवलेल्या असतात. अरबी समुद्रात चक्रीवादळं मुख्यतः दोन वेळा येतात. एक पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये; आणि दुसरी पाऊस परतल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या दरम्यान. यातली दुसरी वेळ मच्छीमाराला जास्त जड जाते. नारळी पौर्णिमा होऊन गेलेली असते, हंगाम भरात असतो आणि माणसं आत समुद्रात असतात.

३ जून २०२० चं निसर्ग वादळ तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. पत्रे उडाले, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पण तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता आणि मासेमारीचा हंगाम संपत आला होता. ११ नोव्हेंबर २००९ च्या 'फयान'चं तसं नव्हतं. हे नाव म्यानमारने सुचवलेलं. आपल्या किनाऱ्यावर मात्र ते इतकं रुजलं, की अजूनही म्हातारी माणसं 'फयानच्या आधी' आणि 'फयानच्या नंतर' असं बोलतात.

त्या वेळी मी डी.एड. करत होतो. माझ्या मामाची होडी गिअरबॉक्सच्या दुरुस्तीसाठी दाभोळहून रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात न्यायची होती. एस.टी.ने चिपळूणला वळसा घालून जाण्यापेक्षा मी मामाबरोबर निघालो. गुरुवारी माझा सराव पाठ होता, त्याचे तक्ते प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घेतले होते. होडीवर मामा, दोन खलाशी आणि मी. आमच्याच बंदरातली आणखी एक होडी सोबतीला होती. मंगळवार, १० नोव्हेंबर, दुपारी बाराचा सुमार.

अंजनवेल मागे पडलं, गुहागरची सुरूची झाडं दिसली, वेळणेश्वर गेलं. आभाळ शिशासारखं झालं होतं, पण वारा फार नव्हता. हेदवीच्या पुढे मामा इंजिनाकडे बघायचं सोडून पाण्याकडे बघायला लागला. वारा येत होता जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून. आणि लाट? ती मात्र नैर्ऋत्येकडून, लांब लांब अंतरावर, संथपणे होडीला उचलून खाली ठेवत होती. जो वारा इथे नव्हताच, त्याने उठवलेली ती लाट होती. वादळाच्या आधी त्याची लाट पोहोचते, ती अशी.

"जयगडात घालायची," मामा म्हणाला. "आता पुढं नाय जायाचं."

त्याची कारणं साधी होती. गिअर नीट पडत नव्हता, दिवस लवकर मावळणार होता आणि जयगड ते मिरकरवाडा या पट्ट्यात दक्षिणेकडची लाट अडवील असा आसरा त्याच्या माहितीत नव्हता. सोबतच्या होडीचा तांडेल हसला. ओरडून काहीतरी बोलला, वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण अर्थ कळला. ती होडी पुढे गेली. रात्री आठच्या सुमाराला त्यांचा फोन आला: सुखरूप पोहोचलो, मिरकरवाड्यात चहा घेतोय. आमच्यातला मोठा खलाशी बराच वेळ पुटपुटत राहिला. दोन दिवसांचा खाडा म्हणजे दोन दिवसांची मजुरी. मामा काहीच बोलला नाही. त्याने भात लावला.

थांबणं म्हणजे नुसतं बसून राहणं, असं तुम्हाला वाटत असेल तर नांगरावरची एक रात्र काढून बघा. शास्त्री नदीची खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे दक्षिणेच्या बाजूला जयगडचा किल्ला आणि डोंगर आहे. त्या डोंगराच्या आडोशाला आम्ही नांगर टाकला. पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट दोर सोडला. दोर आखूड असेल तर होडी वर उचलली जाताना नांगरही वर ओढला जातो; लांब असेल तर ओढ आडवी बसते आणि नांगर चिखलात रुततो. होडीच्या काठाला घासून दोर तुटू नये म्हणून तिथे गोणपाट गुंडाळलं. मग मामाने मला किनाऱ्यावरचे दोन दिवे दाखवले. एक जेटीवरचा, दुसरा त्याच्यामागे चढावरच्या एका घराचा. "हे दोन एकावर एक दिसतायत तवर आपण जागेवर. फाकले का मला उठव." दोन-दोन तासांच्या पाळ्या लावल्या. होडी नांगराभोवती थोडी झुलते, तेवढे दिवे फाकायचे आणि परत जुळायचे. ते जुळेपर्यंत श्वास अडकायचा.

धाकट्या खलाशाला पाळी नसतानाही झोप नव्हती. त्याचा थोरला भाऊ सोमवारी मासेमारीला गेला होता. गावातल्या दोन होड्या जोडीने गेल्या होत्या. तो दर दहा-पंधरा मिनिटांनी फोन लावायचा आणि तीच बाई तेच सांगायची: संपर्क क्षेत्राच्या बाहेर. शेवटी बॅटरी संपेल म्हणून मामाने फोन काढून घेतला आणि तासाला एकदा द्यायला लागला.

बुधवारी पहाटे वारा वाढला. पाऊस आडवा यायला लागला, तोंडावर खडे मारल्यासारखा. समोरचा तवसाळचा किनारा दिसेनासा झाला. आता इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, वहीत लिहून ठेवा. आपल्या उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. म्हणून वाऱ्याकडे तोंड करून उभे राहा आणि उजवा हात बाजूला पसरा; वादळाचं केंद्र साधारण त्या बाजूला, जरा मागे असतं. बाइस बॅलॉट या डच हवामानशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये हा नियम मांडला. मामाने त्याचं नाव ऐकलेलं नव्हतं. पण नांगरावरची होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते आणि तो होडीचं तोंड कुठे आहे एवढंच बघत होता. रात्री ते पूर्वेकडे होतं, म्हणजे वादळ दक्षिणेला. सकाळी दक्षिणेकडे वळलं, म्हणजे वादळ आमच्या पश्चिमेला, समुद्रातून समांतर चाललेलं. दुपारकडे ते नैर्ऋत्येला फिरलं. "गेला वर," मामा म्हणाला. त्याच दुपारी फयान अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं.

वारा दक्षिणेकडून असेपर्यंत डोंगराने आम्हाला झाकलं. नैर्ऋत्येला फिरल्यावर मात्र खाडीच्या तोंडातून लाट आत वळायला लागली. इंजिन चालू ठेवून, दोरावरचा ताण हलका करत आम्ही तीन तास काढले. मी आणि धाकटा बादल्यांनी पाणी उपसत होतो. एक गोष्ट आमच्या बाजूची होती. कार्तिकातली वद्य अष्टमी नुकतीच झाली होती, म्हणजे भांगाचे दिवस. भरतीचं पाणी फार चढत नव्हतं. हेच अमावास्येच्या उधाणाला आलं असतं तर काय झालं असतं, ते मामाने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

त्या रात्री वारा पडला, पण मामाने नांगर काढला नाही. लाट बसायला वेळ लागतो. गुरुवारी उजाडल्यावर निघालो. पाणी गढूळ, मातकट. मालगुंडसमोर तरंगणारं सामान दिसायला लागलं: थर्माकोलचे तुकडे, प्लॅस्टिकचे क्रेट, एक चप्पल, दोर लागलेला बोया. धाकट्याने मामाला होडी हळू करायला सांगितली. वाकून बोया उचलला, फिरवून त्यावरचा रंग पाहिला आणि पाण्यात सोडून दिला. पुढे आणखी एक दिसला, तोही उचलला. आरे-वारेपर्यंत त्याने किती उचलले कुणास ठाऊक. कुणीही त्याला घाई केली नाही, मोठ्या खलाशानेही नाही.

मिरकरवाड्याच्या जेटीवर गर्दी होती. बायका होत्या, फार बोलत नव्हत्या. प्रत्येक येणाऱ्या होडीचं नाव वाचत होत्या आणि आपलं नसलं की मागे सरकत होत्या. आमच्या सोबतची होडी तिथेच बांधलेली होती. तो तांडेल पुढे आला, आमचा दोर त्याने झेलला आणि खुंटाला बांधला.

धाकट्याच्या भावाचा फोन शुक्रवारी आला, देवगडहून. त्यांची होडी तिथे लागली होती. जोडीतली दुसरी मात्र अंधारात दिसेनाशी झाली, ती पुन्हा दिसली नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक घरांनी त्या वेळी अशीच वाट पाहिली.

मामाने गिअरबॉक्स दुरुस्त करून घेतला आणि आठवड्याभराने पुन्हा समुद्रावर गेला. धाकटा त्या फेरीला आला नाही. दुसऱ्या होडीवरच्या माणसांच्या घरी तो आणि त्याचा भाऊ रोज जाऊन बसत होते.