तीन नंबरचा प्लग

गेल्या महिन्यात एका रविवारी भाईंच्या गाडीचे प्लग आम्ही घरीच बदलले. शनिवारी संध्याकाळी पुतणीचा फोन आला होता. "चाचा, अब्बांची गाडी मिसिंग करतेय. उद्या या. गॅरेजला न्यायची नाही म्हणतात."

भाई जुन्नरला राहतात, मी मंचरला. मी त्यांच्याहून नऊ वर्षांनी लहान. त्यांच्याकडे मारुतीची सुपर कॅरी आहे, सेकंडहँड घेतलेली, सीएनजीवर चालणारी. सीझनला टोमॅटोचे क्रेट शेतातून उचलून नारायणगावच्या मार्केटला टाकायचे आणि आठवड्यातून दोन-तीन रात्री कोथिंबीर, मेथी घेऊन माळशेज उतरून कल्याणला जायचे, हा त्यांचा धंदा. २०२३ च्या जुलैत टोमॅटोच्या क्रेटचा भाव दोन हजारांपुढे गेला, तेव्हा आमच्या तालुक्याचे नाव टीव्हीवर गाजले. भाईंचे क्रेटमागचे भाडे त्या महिन्यातही होते तेवढेच होते. हे आपले जाता जाता.

आमच्याकडे पिकअप म्हटले की लोकांच्या डोळ्यासमोर डिझेलची बोलेरो येते. तिला स्पार्क प्लग नसतोच. डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटते. थंडीत मदतीला हीटर प्लग असतो, पण तो ठिणगी टाकत नाही, नुसता तापतो. पेट्रोल आणि सीएनजीला मात्र दर वेळी ठिणगी लागते. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर एकेक प्लग मिनिटाला दीड हजार वेळा ठिणगी टाकतो. चारांपैकी एक जरी चुकला की गाडी लंगडते. त्यालाच मिसिंग म्हणायचे. सपाटीवर ते कळत नाही. माळशेज चढून वर येताना, पावसात, धुक्यात कळते. आणि पहाटे तीनला उसाच्या कडेने येताना गाडी बंद पडली, तर खाली उतरून बॉनेट उघडायची हिंमत जुन्नर-आंबेगावात कोण करणार? बिबट्या हा आमच्याकडे गोष्टीतला प्राणी नाही.

मंचरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो. मालक ओळखीचे. "सर, तुम्ही कधीपासून गाड्या खोलायला लागलात?" म्हणाले. मग साधे की इरिडियम, असे विचारले. साधे चार घेतले. नंबर नीट पाहून घ्या, नंबरात आर आहे का बघा, हे त्यांनी सांगितले. आर म्हणजे रेझिस्टर. प्लगच्या पोटात साधारण पाच हजार ओहमचा रोध बसवलेला असतो. कशासाठी, हे मला माहीत होते आणि ते मी त्यांना तिथेच ऐकवले. मास्तरकीची खोड, दुसरे काय.

ठिणगी उडते तेव्हा उजेड आणि उष्णता तर निघतेच, पण रेडिओ लहरीही निघतात. हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास या लहरी पहिल्यांदा सिद्ध केल्या, त्या अशाच दोन गोळ्यांमध्ये ठिणगी पाडून. म्हणजे रेझिस्टर नसलेला प्रत्येक प्लग हा एक बेशिस्त रेडिओ स्टेशन असतो. आणि आमच्या खोडदला तर जीएमआरटी आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्यातल्या चौदा खोडदजवळ एकत्र, बाकीच्या सोळा तीन दिशांना पंचवीस किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. आकाशातून येणाऱ्या मीटरभर लांबीच्या अतिशय क्षीण लहरी त्या ऐकतात. दर वर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते. एका वर्षी मी मुलांना घेऊन गेलो होतो. अमेरिकेत ग्रीन बँक इथल्या दुर्बिणीजवळ फक्त डिझेलची वाहने चालवतात, कारण त्यांना स्पार्क प्लग नसतो, हे मी नंतर वाचले आणि वर्गात सांगितले. एका मुलाने लगेच विचारले, "सर, मग तुमची अ‍ॅक्टिवा?" दुकानदार हे सगळे ऐकून म्हणाले, "ते खरं सर, पण पैसे रोख की फोनपे?"

फजरची नमाज पढून मी निघालो आणि साडेसातला जुन्नरला पोचलो. पाऊस थांबला होता. गाडी रात्रभर उभी होती, इंजिन थंड. प्लग गरम इंजिनात कधी खोलू नये. हेड अ‍ॅल्युमिनियमचे असते, प्लगचे आटे पोलादाचे. गरम असताना जोर लावला की हेडमधले आटे जातात, आणि मग दोन-तीनशे रुपयांच्या प्लगपायी हजारोंचे काम निघते.

या गाडीचे इंजिन सीटखाली आहे. सीट उचलली. भाईंनी आधी चारही टोप्यांना खडूने नंबर घातले, मग फुंकणीने प्लगच्या खळग्यातली धूळ उडवली. अम्मीची चुलीची फुंकणी भाभींनी अजून जपून ठेवली आहे, तीच. धूळ उडवल्याशिवाय प्लग काढला तर खडा थेट सिलिंडरात पडतो. टोपी ओढताना वायरीला धरायचे नाही, टोपीलाच धरून हलके पिळत वर घ्यायचे. सोळाचा प्लग पाना, त्यावर एक्स्टेन्शन. पहिला प्लग मी खोलला.

घरात आम्ही दखनी बोलतो. तिच्यात आट्यांना चूडी म्हणतात. अब्बा मण्यार. ओतूर, बेल्हे, घोडेगाव असे बाजार करत बांगड्या विकायचे, लुनावरून. मागे बांगड्यांच्या पेट्या बांधलेल्या. लहानपणी "चूडी गेली" असे कुणी म्हटले की बांगडी फुटली की नट खराब झाला, ते समोर पाहिल्याशिवाय कळायचे नाही. लुना टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑईल मिसळायचे, त्यामुळे तिचा प्लग ओला होणे रोजचेच. बाजाराच्या आदल्या रात्री मायकोचा तो प्लग खोलून, पॉलिश पेपरने घासून, गॅप बघून परत लावायचे काम भाईंचे. मला हात लावू देत नसत. "तू अभ्यास कर." मी कंदिलाजवळ बसून उर्दूची चौथी वाचत असायचो आणि डोळे तिकडे.

म्हणून त्या दिवशी मला जरा ऊत आला होता. मी यूट्यूबवर पाहिले होते, मॅन्युअल वाचले होते. प्लग वाचता येतो, हे मी भाईंना सांगू लागलो. टोक करडे किंवा फिकट तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. कोरडी काजळी म्हणजे इंधन जास्त. पांढरेफटक, फोड आल्यासारखे, म्हणजे जास्त तापतेय. सीएनजीत काजळी कमी धरते, म्हणून टोक बहुधा स्वच्छ करडेच दिसायला हवे. भाई ऐकत होते. "हां," एवढेच म्हणाले.

पहिला करडा निघाला. दुसरा करडा. गॅप वाढलेली, कडा झिजलेल्या. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते, त्यामुळे वाढलेली गॅप तिथे लवकर जाणवते. मग मी चौथ्याला पाना लावला, कारण तिसऱ्याला भाईंनी हात ठेवला होता. "तो राहू दे, तो मी काढतो." चौथाही करडा.

तिसरा काढला. काळा, आणि ओला. बोट लावले तर ऑईल. आणखी एक गोष्ट दिसली. बाकीचे तीन एका कंपनीचे होते, हा वेगळ्या. षटकोनाच्या कडा पान्याने घासून चकाकत होत्या. म्हणजे तो एकदा नाही, बऱ्याचदा खोलला गेला होता.

"भाई, हा कधी बदलला?"

"रमजानमध्ये."

"आणि साफ?"

"दर जुम्याला."

सीटमागे ऑईलचा कॅन होता, अर्धा. मी आल्यापासून तो पाहत होतो आणि मला काहीच कळले नव्हते.

वर्गात पाठ केल्यासारखे मी जे सांगत होतो त्यातले शेवटचे वाक्य उरले होते: ओला काळा प्लग म्हणजे सिलिंडरात ऑईल येतेय. ऑईलचा थर बसला की वीज गॅप ओलांडायचे सोडून त्या थरावरूनच निसटून जाते, ठिणगी पडत नाही. दोष प्लगचा नसतोच. व्हॉल्व्हचे सील गेले असतील किंवा पिस्टनच्या रिंगा. सील असतील तर काम तसे थोडक्यात भागते. रिंगा असतील तर इंजिन खोलायचे. भाईंना हे सहा महिन्यांपासून माहीत होते. चढावर निळा धूर दिसतो, तो त्यांनी आरशात पाहिला होता. एका मिस्त्रीने चाळीस हजार सांगितले होते. गॅरेजला जायचे नाही ते यासाठी. मिस्त्री घरी येऊन भाभींसमोर बोलेल म्हणून.

"बोलला का नाही?"

भाईंनी घराकडे मान केली. आत पुतणी भांडी लावत होती. तिचे बी.एड.चे दुसरे वर्ष. माझ्या वेळी बी.एड. एका वर्षाचे होते. २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. फीही दोनदा आणि नोकरीची वाटही वर्षभर लांब. माझी फी भाईंनी दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हरकी करून भरली होती. तेव्हा मला तिचा आकडा माहीत होता, ती कुठून आली हे माहीत नव्हते. विचारलेही नव्हते.

आता जे लिहितो ते लिहावे की नाही, असे दोन-तीनदा वाटले. मी भाईंना म्हणालो, "नवीन प्लग टाकले की पंधरा-वीस दिवस गाडी मस्त चालेल. तेवढ्यात विकून टाका. बघणारा काय सीट उचलून प्लग काढून बघणार आहे?"

भाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. फडक्याने हात पुसत म्हणाले, "घेणार कोण? माझ्यासारखाच कुणीतरी ना."

सातवीच्या वर्गात दर वर्षी मी एक हदीस सांगतो. पैगंबर बाजारातून जात असताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पावसाने भिजले. तेव्हा ते विचारतात, मग ओले वर का नाही ठेवलेस, लोकांना दिसले असते. मुले हसतात, कारण नारायणगावच्या मार्केटमध्ये वरच्या थराला लालबुंद टोमॅटो आणि खाली काय, हे त्यांना घरचे असते. मी ऐब या शब्दाचा अर्थ फळ्यावर उर्दूत आणि मराठीत लिहून देतो. किती वर्षे लिहीत असेन. आणि त्या सकाळी ओला प्लग माझ्याच हातात होता.

नवे प्लग लावायला घेतले. मी थेट पान्यात प्लग बसवून फिरवू लागलो तर भाईंनी मनगट धरले. "पाना ठेव. आधी बोटांनी." आटे वाकडे चढले तर पान्याला कळत नाही, बोटांना कळते. बोटांनी पूर्ण खाली बसेपर्यंत फिरवायचा, मग पान्याने साधारण अर्धा फेरा. जास्त नाही. चारही लावले, खडूच्या नंबराप्रमाणे टोप्या घातल्या, सीट खाली केली. किल्ली फिरवली आणि इंजिन एका सुरात लागले. पुतणी दारात येऊन टाळ्या वाजवू लागली. "चाचा, झाली की दुरुस्त!" आम्ही दोघेही काही बोललो नाही.

पैशांवरून नंतर आमचे वाजले, चांगलेच. भाई घ्यायला तयार नाहीत. मी बँकेचे नाव काढले, तर ते उठून गेले. शेवटी भाभींनी तोडगा काढला. पुतणीची फी मी थेट कॉलेजात भरायची, भाईंच्या हातात एक रुपया द्यायचा नाही. टोमॅटोचा सीझन उतरला की दिवाळीच्या मागेपुढे इंजिन खोलायचे. तोवर माळशेज बंद, फक्त नारायणगावच्या खेपा. आणि दर रविवारी तिसरा प्लग मी येऊन बघायचा, भाईंनी नाही. ही अट माझी.

त्यानंतर चार रविवार झाले. पहिल्या रविवारी टोक करडे होते, मला वाटले सीलच असेल. दुसऱ्या रविवारी कडेला जरा चमक. काल पुन्हा ओला निघाला. मी पॉलिश पेपर मागितला. भाईंनी दिला आणि शेजारी उकिडवे बसून माझा हात बरोबर फिरतोय का ते बघत राहिले.